धुळे ते सावदा, तीन जोड चपला घेऊन

सुट्टी बारा दिवसांची होती आणि बेत तोरणमाळचा होता. तमिळनाडूच्या पार दक्षिणेला पवनचक्क्यांच्या पात्यांवर दोरीने उतरून त्यांच्या भेगा भरायच्या, हे माझं काम. वर्षभर वाऱ्यात लोंबकळल्यावर डोंगराची थंडी, शेकोटी आणि ब्लॉगसाठी चार बरे फोटो एवढं तरी मिळायला हवं की नाही? नाताळच्या आधी सहा दिवस धुळ्याला फुईकडे पोचायचं, तिच्याकडे ठेवलेल्या माझ्या बाईकची बॅटरी चार्ज करून घ्यायची, तोरणमाळ मारून नाताळला परत. असं सगळं डोक्यात पक्कं होतं.

मनमाडला पहाटे उतरलो, मालेगावमार्गे एसटी धरली आणि नऊच्या सुमाराला फुईच्या दारात उभा राहिलो. दाराला कागदाचा तारा टांगलेला. आत फुई खुर्चीत, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"उना का?" एवढंच म्हणाली, जणू मी किराणा घेऊन आलो होतो.

"फुई, हात कसा मोडना?"

"मोरीमा पाय घसरना. तू आधी चहा पे."

फुई म्हणजे बापाची बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. रूथ तिचं नाव, पण धुळ्यात निम्मं गाव तिला सिस्टर म्हणतं, कारण अख्खी नोकरी तिने मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली. घरात आम्ही अहिराणीत बोलतो. तुमच्या सोयीसाठी पुढचं बरंचसं मराठीत लिहितो.

चहा झाल्यावर तिने डाव्या हाताने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. पोत्यात तीन जोड चपला होत्या. शेजारी तीन डबे, करंज्या आणि शंकरपाळ्यांचे. एका हाताने करंज्या कशा केल्या हे मी विचारलं नाही. शेजारणी आल्या असणार.

"शमू, तू जाशी का?"

आता या चपलांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पण उशिरा औषध मिळालेल्या काहींच्या पायांची जाणीव गेलेली असते ती परत येत नाही. काटा रुतला, निखारा लागला तरी कळत नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते. फुई निवृत्त झाल्यापासून अशा जुन्या पेशंटच्या घरी एसटीने जाते. त्यांचे पाय भिजवते, कडक कातडी घासते, तेल लावते आणि वर्तमानपत्रावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिलीने माप काढते. मापावरून धुळ्यातले सलीमभाई चपला करतात. आत मऊ काळं रबर, वर तपकिरी चामड्याचे पट्टे. बघणाऱ्याला वाटावं, बाजारातून घेतलीय. तेच महत्त्वाचं. दवाखान्याची फुकट मिळणारी चप्पल लांबून ओळखू येते, आणि चपलेवरून माणूस.

मी म्हटलं, "नाताळनंतर जातो ना."

"धरणगाव, पिंप्राळा थांबतील," फुई म्हणाली. "सावद्याचा नाही थांबणार. त्याची जुनी झिजलीय. डाव्या पायाची दोन बोटं मागेच गेली. डॉक्टर बोललाय, आता एक जरी जखम पिकली तर घोट्यापासून पाऊल काढावं लागेल. केळीच्या पॅकिंगला जातो तो. पाऊल गेलं तर काम गेलं."

तोरणमाळ कुठे पळून जात नाही, असं स्वतःला समजावत मी पोतं उचललं. दुसऱ्या सकाळी निघताना सलीमभाईंच्या दुकानासमोर दोन मिनिटं थांबलो. त्यांनी एक चप्पल हातात घेऊन उलटी केली, पालटी केली.

"भाचे, देख. चिपकाया है, सिया है. लोहा एक नहीं."

मी मान डोलावली. प्रत्येक कारागीर आपल्या मालाचं असंच कौतुक करतो, असं मला वाटलं. शिवाय माझं एक लक्ष मोबाईलमध्ये होतं, तोरणमाळचं हवामान बघण्यात.

पहिला दिवस: धुळे, पारोळा, धरणगाव

धुळ्याहून जळगावकडे जाणारा रस्ता आता चांगला झालाय. डिसेंबरात सकाळी निघालात तर हातमोजे घ्या. पारोळ्याजवळ बोटं एवढी गारठली की क्लच दाबला की नाही ते कळेना. मला मजा वाटली. आपल्याला कळेना म्हणजे तरी दहा मिनिटंच, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

पारोळ्यात शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. लाल तर्री, वर जाड शेव. तमिळनाडूत वर्षभर जी जीभ झोपली होती ती खडबडून जागी झाली. कांदा-लिंबू मागाल तेवढं मिळतं. ज्यांना तिखट झेपत नाही त्यांनी आधीच सांगावं, नंतर पाणी पिऊन काही होत नाही.

एरंडोलहून धरणगावकडे वळलं की दोन्ही बाजूंना कपाशी. शेवटची वेचणी चाललेली, बायांच्या कमरेला ओट्या, रस्त्याकडेला कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. धरणगावात ज्या अक्कांकडे जायचं होतं त्या सत्तरीच्या, एकट्या. मी सिस्टरचा भाचा म्हटल्यावर त्यांनी मला खाटेवर बसवलं, चपला बाजूला ठेवल्या आणि आधी विचारलं, "सिस्टरना हात कसा शे? दुखस का?"

"बरा शे अक्का."

"तिले सांग, मी रोज पाय भिजाडस. खोटं नही. तू बी देख." त्यांनी पाऊल पुढे केलं. टाच भेगाळलेली नव्हती, तेलाने चकचकत होती. एवढ्या अभिमानाने पाऊल दाखवणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. मग डबा उघडून त्यांनी करंजी मोडली आणि अर्धी मलाच दिली.

फुईची एक सक्त ताकीद होती: चप्पल घालून दे, चालायला लाव, मग पाऊल हातात घेऊन कुठे लालसर झालंय का बघ. मी बघितलं. खरं सांगतो, मला अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्याचं पाऊल हातात घ्यायची सवय नसते आपल्याला. मी दोन बोटांनी धरलं. अक्का हसल्या. "सिस्टर असं नही धरत," म्हणाल्या.

जळगावला स्टँडजवळच्या लॉजवर झोपलो. खोली साधी, गरम पाण्याची बादली सकाळी मागून घ्यावी लागते.

दुसरा दिवस: पिंप्राळा, भुसावळ, सावदा

पिंप्राळ्यातले काका रिक्षा चालवतात. सकाळीच शाळेची मुलं सोडायला गेलेले. शेजारी देऊन निघणार होतो, पण फुईने बजावलं होतं, शेजारी ठेवायचं नाही, डबाही नाही, कोण पाठवतं म्हणून प्रश्न नकोत. मग कॉलनीच्या कोपऱ्यावर बाईक लावून बसून राहिलो. एक तास. दीड तास. मला बसता येत नाही. शाळा आठवीत सुटली ती यामुळेच, आणि आतापर्यंत पाच कामं बदलली तीही यामुळेच.

काका आले, चपला घातल्या, चालून दाखवलं, रिक्षाचा ब्रेकही दाबून दाखवला. "आता पाय घसरणार नाही," म्हणाले. त्यांचं झालं. पोतं परत बांधायला घेतलं तेव्हा पाहिलं, सावद्याच्या जोडाचा एक पट्टा पोत्याबाहेर आला होता आणि रबरी दोरीच्या आकड्यात अडकून मुळातून उचकटला होता. डाव्या पायाचा. माझीच बांधणी.

फुईला फोन करायची लाज वाटली. समोरच झाडाखाली चपला दुरुस्त करणारे एक बाबा बसले होते. त्यांना दाखवली. त्यांनी रबर दाबून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला.

"शिवू का ठोकू?" त्यांनी विचारलं. "शिवायला अर्धा तास. हे रबर मऊ, हळूहळू घ्यावं लागंल. खिळे मारले तर दोन मिनिटं."

दीड तास आधीच गेलेला. भुसावळपुढे तापीच्या पुलावर ऊन चांगलं असतानाच फोटो काढायचे होते.

"ठोका," मी म्हटलं.

बाबांनी दोन बारीक खिळे मारले, टोकं वाकवली, वरून पट्टा ओढून दाखवला. हत्ती बांधला तरी सुटणार नाही असा. मी खूश झालो. मनात म्हटलं, फुईला कळायच्या आत काम फत्ते.

तापीचा पूल लागला. पाणी निळं, काठाला कलिंगडाचे वाफे. फोटो चांगले आले. मग बामणोद, फैजपूर आणि दोन्हीकडे केळीच केळी. या भागात हवेलाच ओला, हिरवा वास आहे. रस्त्याकडेला भरताची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना दिसली तर थांबाच.

सावद्यात नाना घरीच होते. नाव त्यांचं वेगळं आहे, ओळख पटेल अशा आणखीही काही गोष्टी बदलल्यात; नानाच म्हणू. मूळचे आमच्या साक्रीकडचे. आजार बरा झाल्यावरही गावाने विहिरीवर येऊ दिलं नाही, म्हणून वीसेक वर्षांपूर्वी बायकोला घेऊन एवढ्या लांब आले. इथे कुणालाच माहीत नाही. बोटं गेली ती उसाच्या चरकात, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

अहिराणी ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. नानांनी नवी चप्पल घातली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, मग बायकोसमोर उभे राहिले.

"देख, नवरदेव दिखस का नही?"

"नवरदेवले दात ऱ्हातस," काकू म्हणाल्या. काकूंनाही मी अक्काच म्हणत होतो, पण धरणगावच्या अक्कांशी गोंधळ नको म्हणून इथे काकू लिहितो.

काकूंनी भरीत केलं. भाजलेलं वांगं लाकडाच्या बडग्याने कुटून, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी तीन भाकरी खाल्ल्या. नाना सांगत होते, उद्या सकाळी सातला मोठी गाडी भरायची आहे, जुन्या चपलेने पाय सरकायचा, आता काळजी नाही. "सिस्टरनी कृपा," ते म्हणाले आणि मग वर बघून, "आनि तुमना देवनी."

मी चालून दाखवायला लावलं, पाऊल हातात घेतलं. या वेळी सगळ्या हाताने धरलं. कुठे लाली नव्हती. दोन फेऱ्यांत काय दिसणार? उन्हं कलायच्या आत भुसावळला परतलो. उद्या सकाळी धुळे, परवा तोरणमाळ.

तिसरा दिवस: भुसावळ ते परत सावदा

सकाळी साडेआठला स्टेशनबाहेर चहा घेत होतो. फुईचा फोन आला. एकेकाची चौकशी झाली. सगळं नीट पार पडलं म्हणून मी फुशारकीने सांगून टाकलं, "नानांच्या एका चपलेचा पट्टा निघाला होता, पण मी पक्का करून घेतला."

"कसा?"

"दोन खिळे मारले. आतून वाकवून घेतलेत."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शमू," फुई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "रबर मऊ असतं. अंगाचा भार पडला की दबतं. खिळा नाही दबत. त्याला कळणार नाही रे. मागे फीर."

तेव्हा मला सलीमभाईंचं 'लोहा एक नहीं' आठवलं. ते कौतुक नव्हतं, ती खबरदारी होती.

काकूंचा फोन बंद. चहा तसाच टाकला. भुसावळ ते सावदा पाऊण तासाचा रस्ता. मध्ये केळीचे ट्रॅक्टर, फैजपूरला बाजाराची गर्दी. मी फार प्रार्थना करणारा नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि शेवटच्या गीताला निसटतो. पण तापीच्या पुलावर हेल्मेटच्या आत मोठ्याने बोललो, "देवा, आज त्यांची सुट्टी असू दे. गाडी आली नसू दे. एवढंच."

गाडी आली होती. काकू म्हणाल्या, नाना सातलाच गेले, स्टँडपासून लांब अमुक मळ्यात. नव्या चपलेमुळे आज जरा लवकरच निघाले.

मळ्यात दहा-बारा माणसं होती. कुणी घड खांद्यावर आणत होतं, कुणी फण्या कापत होतं. नाना तुरटीच्या पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून फण्या धुऊन पुढे देत होते. दोन तासांवर झाले असतील. मला बघून त्यांनी ओला हात वर केला.

"काय व्हयनं रे? काही विसरना का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडावर आलेलं 'चप्पल काढा' मी गिळलं. इथे, एवढ्या माणसांत, पाऊल उघडं करून बघायचं म्हणजे वीस वर्षांची झाकलेली गोष्ट माझ्या एका वाक्याने उघडी पडणार. खिळे मीच मारले आणि आता हेही मीच करणार?

"नाना, घर चाला. काकूले बरं वाटी नही राहिनं," मी खोटं बोललो.

"तिले काय व्हयनं? आत्तेच त चांगली व्हती. गाडी भराई जाऊ दे."

त्यांच्या मुकादमाने तिकडून हाक मारली, "नाना, पाहुणचार नंतर करा, फण्या साचल्या!"

मी टाकीजवळ गेलो, हात धुतल्यासारखं केलं आणि हळूच म्हटलं, "डावी चप्पल. मी खिळा मारेल शे."

नानांच्या हातातली फणी तशीच राहिली. मग त्यांनी ती नीट खाली ठेवली, हात पुसले आणि मुकादमाला म्हणाले, "बायको आजारी शे. जाई येस."

त्यांना बाईकपर्यंतही चालू द्यायचं नव्हतं. मी बाईक टाकीला चिकटून आणली, मुकादमाने शिवी हासडली, नाना मागे बसले. केळीच्या दोन शेतांपलीकडे, जिथून कुणी दिसत नव्हतं, तिथे थांबलो. नाना बांधावर बसले. मी चप्पल काढली.

एक खिळा सरळ होऊन वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. काळ्या रबरावर ओलसर डाग. पाऊल उलटं केलं, करंगळीच्या मागे भोक होतं, भोवती रक्त आणि तुरटीचं पाणी. नाना वाकून बघत होते, जणू पाऊल दुसऱ्या कुणाचं आहे.

"माले काय समजनार?" ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून, "तू रडू नको. तू रडशी त मी घाबरसू."

घरी फुईला व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल काकूंच्या हातात. फुई एकेक सांगत गेली, मी एकेक करत गेलो. पाणी तापवलं. पाय बुडवणार तोच फुई ओरडली, "आधी तुझा हात घाल!"

घातला. चटका बसला. नानांचा पाय त्यात गेला असता तर त्यांना तेही कळलं नसतं.

"येशूने शिष्यांचे पाय धुतले ते तू चर्चमध्ये ऐकलंयस ना?" फुई म्हणाली. "मला नेहमी वाटतं, त्याने आधी पाण्यात हात घालून बघितला असेल. चल, गार पाणी मिसळ."

पाय धुतला, जखम साफ केली, फुईने सांगितलेल्या औषधाची पट्टी बांधली. दुपारी गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. फुई त्यांच्याशीही फोनवर बोलली. जखम खोल नव्हती. तीन-चार दिवस पाय अजिबात टेकवायचा नाही, पिकली नाही तर वाचलो, असं दोघांचंही मत पडलं.

"तीन-चार दिन?" नाना म्हणाले. "नाताळमा गाड्या लय ऱ्हातस. मुकादम दुसरा मानूस लावी दी."

मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे.

"दुसरा मानूस मी शे," मी म्हटलं.

चौथा, पाचवा आणि नाताळचा दिवस: सावदा

मुकादमाला सांगितलं, काकूंचा ताप आता नानांना आला, मी त्यांचा भाचा. त्याने मला वरखाली न्याहाळलं. "काय काम करतो?"

"पवनचक्कीवर."

"म्हणजे हवा खातो. घे, हे घड उचल."

पहिला घड खांद्यावर घेतला तेव्हा समजलं की पवनचक्की सोपी आहे. तिथे वजन दोरी उचलते. घडाला दाबलं तर डाग पडतो, डाग पडला तर फणी बाद, म्हणून झोळीतलं मूल धरावं तसं धरायचं. माझ्या पहिल्या दोन घडांना बोटांचे डाग पडले आणि सगळ्या मळ्याने माझी चेष्टा केली. एक जण म्हणाला, "अन् हा म्हणे शंभर मीटरवर चढतो, केळीच्या झाडाला घाबरतो!" संध्याकाळी चिकाने शर्ट काळा झाला. केळीचा चीक कधीच निघत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. जुने कपडे घेऊन जा.

रोज परतल्यावर आधी पट्टी सोडून बघायची. पहिल्या संध्याकाळी कडा लाल होत्या. पट्टीचा शेवटचा वेढा सुटेपर्यंतचं अर्धं मिनिट मला पात्यावरच्या कुठल्याही उंचीपेक्षा जास्त भीतीचं वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी लाली तेवढीच होती, पण वास नव्हता. नाना खाटेवर पाय उंच ठेवून पडलेले आणि मला टोमणे मारत. "तुना मुकादम काय म्हनस? मना परीस चांगला शे का?"

"नही म्हनस. नाना कवय येतीन, रोज इचारस."

हे खोटं नव्हतं.

नाताळच्या सकाळी मी चर्चऐवजी टाकीत फण्या धुवत होतो. तोरणमाळची आठवण आली, पण राग आला नाही. दुपारी घरी आलो तर दारात ओळखीच्या चपला. आत फुई, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत, आणि शेजारी सलीमभाई, मांडीवर हत्यारांची पिशवी. चर्चमधली सकाळची पहिली भक्ती फुईने उरकल्यावर दोघांनी धुळ्याहून एसटी धरली होती, दोनदा बदलली होती.

"तेरी फुई का आधा टिकट, मेरा पूरा," सलीमभाई म्हणाले. "पूरे रास्ते सुनाती रही, बाईमाणूस व्हा म्हणे, अर्ध्यात जाल."

फुई खाटेशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सोड पट्टी."

मी सोडली. तिने डाव्या हाताने पाऊल उचललं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, नाक जवळ नेऊन वास घेतला, अंगठ्याने कडेला दाबलं. काकू चुलीपाशी उभ्या, हातातली पळी तशीच. नाना छताकडे बघत होते.

"सुखी राहिनी," फुई म्हणाली. "सुकतेय. पाऊल राहील."

काकूंनी पळी खाली ठेवली आणि पदरात तोंड लपवलं. नाना मात्र मलाच म्हणाले, "चाल, आते करंजी काढ. तीन दिन पासून डबा झाकी ठेवेल शे, सिस्टर येवावर खाऊ म्हनीसन."

सलीमभाईंनी खिळे उपटले, भोकं रबराच्या भुकटीने आणि चिकटवणीने भरली आणि पट्टा शिवायला घेतला. मला समोर बसवलं. "बैठ. देख कितना टाइम लगता है." मेणाचा दोरा, आरी, एक टाका, मग दाबून बघायचं, मग दुसरा. अर्धा तास नाही, पाऊण तास लागला. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी चप्पल माझ्याकडे दिली आणि मी तिच्या आत हात घालून कोपरा अन् कोपरा चाचपला. मग फुईने चाचपला. मग काकूंनी.

निघायच्या आधी मी नानांना म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला हे झालं.

"खिळा तू मारा, हाई खरं," नाना म्हणाले. "पन मागे फिरना. मना गावमाईन सख्खा मामासुद्धा कधी मागे फिरी उना नही." मग हळूच, "फक्त बठ्ठासले सांगू नको." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.

परत

तोरणमाळ राहिलं. सुट्टी संपली, मनमाड, मग दोन रात्री गाडीत. आता मी पुन्हा माझ्या पवनचक्कीखाली बसून हे लिहितोय. रोज सकाळी बूट घालायच्या आधी आत हात घालून फिरवतो. आमच्यातला सेल्वम विचारतो, विंचू आहे का? मी म्हणतो, बघतोय. परवापासून तोही बघायला लागलाय, का ते न विचारताच.

तुम्ही खान्देशात जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. भरीत, थंडी, तापीचा पूल, सगळं जागेवर आहे. वाटेत चप्पल तुटली तर शिवूनच घ्या, आणि शिवेपर्यंत तिथेच बसा.

पुलाचे आणि केळीच्या मळ्यांचे फोटो खाली टाकलेत. या प्रवासातला सगळ्यात चांगला फोटो मात्र माझ्या मोबाईलमध्येच आहे. मागच्या रविवारी काकूंनी शेजारच्या पोरीकडून पाठवला. उन्हात धरलेला एक तळवा, कोरडा, तेल लावलेला, करंगळीच्या मागे जुना डाग असावा एवढीशी खूण. तो मी टाकत नाही. बठ्ठासले सांगू नको म्हणालेत ना. रोज कामावर जाताना मात्र एकदा उघडून बघतो.